स्टॉकहोम फिरायचंय? बुडालेलं जहाज, गुहेतली मेट्रो आणि नोबेलच्या शहरात काय बघावं, काय सोडावं, खर्च कुठे वाचतो

स्टॉकहोम म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. एक नोबेल पुरस्कार आणि दुसरा 'स्टॉकहोम सिंड्रोम'. वेब सिरीजमुळे दुसरी गोष्ट जरा जास्तच फेमस झाली. पण स्वीडनची ही राजधानी नेमकी कशी आहे, तिथे जाऊन माणूस बघतो काय आणि युरोपातल्या महागड्या शहरांमध्ये जिचं नाव घेतलं जातं तिथे खिसा कसा सांभाळायचा, हे फारसं कुणी सांगत नाही.

इन्स्टाग्रामवर दिसतात त्या रंगीत भिंतींच्या जुन्या इमारती आणि मेट्रो स्टेशनमधले रील्स. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. त्या रंगीत भिंतींसमोरच्या चौकात एकेकाळी रक्ताचा सडा पडला होता. त्या मेट्रोच्या भिंतींवर ओस पडणाऱ्या गावांची गोष्ट रंगवलेली आहे. आणि शहरातलं सगळ्यात गर्दीचं म्युझियम एका फसलेल्या सरकारी प्रोजेक्टवर उभं आहे.

तर सुरुवातीपासून बघू.

चौदा बेटांचं शहर

स्टॉकहोम १४ बेटांवर वसलं आहे. एका बाजूला मॅलरेन नावाचं गोड्या पाण्याचं मोठं सरोवर आणि दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र. हे सरोवर जिथे समुद्राला मिळतं, बरोबर त्या तोंडावर शहर आहे. बेटांना जोडणारे पन्नासहून जास्त पूल आहेत. शहराच्या पूर्वेला समुद्रात लहान-मोठी मिळून सुमारे ३०,००० बेटं आणि खडक पसरले आहेत.

या जागेचं महत्त्व सोपं होतं. सरोवरातून समुद्रात जाणारा आणि समुद्रातून आत येणारा सगळा माल इथूनच जायचा. ज्याच्या हातात हे तोंड, त्याच्या हातात व्यापार. लिखित कागदपत्रांत शहराचं नाव १२५२ मध्ये येतं आणि शहर वसवण्याचं श्रेय बिर्यर यार्ल या सरदाराला दिलं जातं.

पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की इथे बोट ही चैन नाही, ती सिटी बससारखी वाहतूक आहे. हे लक्षात ठेवा, खर्च वाचवताना पुढे कामाला येईल.

गामला स्तान : रंगीत भिंतींमागचा इतिहास

गामला स्तान म्हणजे जुनं शहर. दगडी रस्ते, अरुंद बोळ आणि पिवळ्या-केशरी-लाल भिंतींची घरं. इथे फिरायला तिकीट लागत नाही.

जुन्या शहराच्या मध्यभागी स्तूरतोर्येट हा चौक आहे. स्टॉकहोमचे सगळ्यात जास्त फोटो इथेच निघतात. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने स्वीडन जिंकलं, इथे स्वतःचा राज्याभिषेक करून घेतला, मेजवानी दिली आणि त्यानंतर विरोधातल्या सरदारांना, धर्मगुरूंना आणि शहरातल्या प्रतिष्ठित लोकांना पकडून याच चौकात मारलं. ऐंशीहून जास्त माणसं मारली गेली असं मानलं जातं. इतिहासात याला 'स्टॉकहोमचं रक्तस्नान' म्हणतात.

मारल्या गेलेल्यांपैकी एकाचा तरुण मुलगा वाचला. त्याचं नाव गुस्ताव वासा. त्याने बंड केलं आणि ६ जून १५२३ रोजी तो स्वीडनचा राजा म्हणून निवडला गेला. आज ६ जून हा स्वीडनचा राष्ट्रीय दिवस आहे. शहर दाखवताना गाइड वासा हे नाव वारंवार घेतात, त्याची सुरुवात इथे होते.

याच चौकात नोबेल पुरस्काराचं म्युझियम आहे. तिथल्या कॅफेमधली खुर्ची उलटी करून बघा. पुरस्कार घ्यायला आलेले विजेते खुर्च्यांच्या खालच्या बाजूला सही करून जातात.

जवळच राजवाडा आहे. जुना वाडा १६९७ मध्ये आगीत जळाला, त्यानंतर हा बांधला. यात ६०० हून जास्त खोल्या आहेत. राजघराणं मात्र १९८१ पासून शहराबाहेरच्या ड्रॉटनिंगहोल्मच्या वाड्यात राहतं. आत जायला तिकीट आहे, पण बाहेर होणारा पहारा बदलण्याचा सोहळा फुकट बघता येतो.

गामला स्तानमध्ये अजून दोन गोष्टी चुकवू नका. पहिली मोर्टेन ट्रोटसिग बोळ. सगळ्यात अरुंद ठिकाणी तो फक्त ९० सेंटिमीटर रुंद आहे. दुसरी, राजवाड्याजवळच्या फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात बसलेला लोखंडी मुलगा. हा पुतळा फक्त १५ सेंटिमीटरचा आहे. हिवाळ्यात लोक त्याला विणलेली टोपी आणि मफलर घालतात, समोर नाणी ठेवतात. डोक्यावरून हात फिरवून फिरवून त्याचं टक्कल चकचकीत झालं आहे.

वासा : १३०० मीटर चाललेलं जहाज

स्टॉकहोममध्ये एकच तिकीट काढायचं असेल तर ते वासा म्युझियमचं काढा.

झालं असं की १६२० च्या दशकात स्वीडन पोलंडशी लढत होतं. राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याला बाल्टिकमध्ये धाक बसेल असं जहाज हवं होतं. म्हणून ६९ मीटर लांब, ५२ मीटर उंच आणि ६४ तोफांचं वासा बांधायला घेतलं. जहाजावर शेकडो कोरीव लाकडी मूर्ती बसवल्या. तोफांचे दोन मजले केले.

काम चालू असतानाच मुख्य जहाजबांधणीकार हेन्रिक हीबर्टसन १६२७ मध्ये वारला. जहाज निघण्यापूर्वी एक चाचणी झाली. तीस खलाश्यांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला सांगितलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डुलायला लागलं की हजर असलेल्या ॲडमिरलने चाचणी थांबवली.

म्हणजे जहाज बुडू शकतं हे निघण्यापूर्वीच कळलं होतं. पण राजा परदेशात युद्धावर होता, जहाज लवकर पाठवा असा त्याचा तगादा होता आणि 'हे जहाज चालणार नाही' असं त्याला कळवायला कुणी धजावलं नाही.

१० ऑगस्ट १६२८ रोजी वासा निघालं. किनाऱ्यावर लोकांची गर्दी होती. जहाजावर खलाश्यांच्या बायका-मुलंही होती. वारा फार नव्हता. एका झुळकीने जहाज कललं, पण सावरलं. दुसऱ्या झुळकीने इतकं कललं की खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांमधून पाणी आत घुसलं. जेमतेम १३०० मीटर जाऊन वासा भर शहरासमोर बुडालं. सुमारे तीस माणसं गेली.

चौकशी झाली. कॅप्टनला पकडलं, कारागिरांना विचारलं. जहाजाच्या मापांना खुद्द राजाने मंजुरी दिली होती आणि बांधणारा आधीच वारला होता. शेवटी शिक्षा कुणालाच झाली नाही.

चूक नेमकी कुठे झाली? पाण्याच्या वरचा भाग फार जड होता आणि पाण्याखालचा त्याला तोलून धरायला पुरेसा नव्हता. संशोधकांना जहाजात कारागिरांच्या चार मोजपट्ट्याही सापडल्या. त्यातल्या काही स्वीडिश फुटाच्या होत्या, ज्यात १२ इंच असायचे. काही ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या होत्या, ज्यात ११ इंच असायचे. एकाच जहाजावर माणसं दोन वेगळ्या मापांनी काम करत होती.

मग ते वर कसं आलं?

१६६० च्या दशकात पाणबुड्यांनी घंटेच्या आकाराच्या उपकरणात बसून खाली जात बहुतेक तोफा काढल्या. त्यानंतर वासा विसरलं गेलं. १९५६ मध्ये अँडर्स फ्रांझेन या माणसाला ते सापडलं. तो बोटीतून दोरीला बांधलेलं एक साधं उपकरण तळाशी सोडायचा, त्यात खालच्या वस्तूचा छोटा तुकडा अडकून यायचा. एके दिवशी त्यात काळं पडलेलं ओकचं लाकूड आलं.

पाणबुड्यांनी सुमारे ३२ मीटर खोलीवर, गढूळ अंधारात जहाजाखाली सहा बोगदे खणले, त्यातून केबल टाकल्या आणि २४ एप्रिल १९६१ रोजी वासा पाण्याबाहेर आलं. ३३३ वर्षांनंतर.

लाकूड टिकलं कसं, याचं उत्तर बाल्टिक समुद्रात आहे. हा समुद्र फार खारट नाही. लाकूड पोखरणारा जहाजकिडा इतक्या कमी मिठाच्या पाण्यात जगत नाही. म्हणून आज समोर दिसणाऱ्या जहाजाचा सुमारे ९८ टक्के भाग मूळचा आहे. लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं रसायनाचा फवारा मारला गेला. सध्याचं म्युझियम १९९० मध्ये सुरू झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. लाकडात शिरलेलं गंधक आणि गंजलेले लोखंडी बोल्ट यांच्यामुळे आतल्या आत आम्ल तयार होतं. जहाज स्वतःच्या वजनाने हळूहळू खचतंय. पाच हजारांहून जास्त बोल्ट बदलून स्टेनलेस स्टीलचे बसवले गेले आहेत आणि आता जहाजाला नवा आधार देण्याचं काम हाती घेतलं आहे. म्हणून आत थंडावा आणि मंद उजेड असतो. बाहेर ऊन असलं तरी पातळ जॅकेट सोबत ठेवा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना इथे तिकीट लागत नाही.

स्कान्सेन : अख्खा देश एका टेकडीवर

वासा म्युझियम ज्या बेटावर आहे, त्याचं नाव यूरगोर्डन. त्याच बेटावर स्कान्सेन आहे. आर्तुर हाझेलियस याने ते १८९१ मध्ये सुरू केलं. कारखाने आले, लोक शहराकडे निघाले आणि खेड्यातलं जगणं डोळ्यांदेखत पुसलं जातंय, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने देशभरातून जुनी घरं, पवनचक्क्या, चर्च, कारागिरांची दुकानं सुटी करून आणली आणि या टेकडीवर पुन्हा उभी केली. आज तिथे अशा सुमारे १५० वास्तू आहेत. उघड्यावरच्या म्युझियमची ही कल्पना पुढे अनेक देशांनी उचलली.

घरांत जुन्या कपड्यांतली माणसं भाकरी भाजताना, काच फुंकताना, सूत कातताना दिसतात. सोबत एल्क, अस्वल, लांडगा असे उत्तरेतले प्राणीही आहेत. मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस इथेच जातो.

पॉप संगीताची आवड असेल तर याच बेटावर आब्बा या बँडचं म्युझियम आहे, २०१३ मध्ये सुरू झालेलं. तिकीट स्वस्त नाही. आब्बाची गाणी ऐकलेली नसतील तर ते सोडलं तरी चालेल.

सिटी हॉल : निळा नसलेला निळा हॉल

दरवर्षी १० डिसेंबरला, म्हणजे आल्फ्रेड नोबेलच्या पुण्यतिथीला, स्टॉकहोममध्ये नोबेल दिलं जातं. यात एक गल्लत नेहमी होते. शांततेचं नोबेल इथे दिलं जात नाही, ते नॉर्वेच्या ओस्लोमध्ये दिलं जातं.

पुरस्कार वितरण कॉन्सर्ट हॉलमध्ये होतं आणि त्यानंतरची मेजवानी सिटी हॉलमध्ये, सुमारे १३०० पाहुण्यांसाठी. ज्या हॉलमध्ये पंगत बसते त्याचं नाव निळा हॉल, पण भिंती लाल विटांच्या आहेत. आर्किटेक्ट रागनार ऑस्टबर्ग भिंती निळ्या करणार होता. विटांचा रंग बघून त्याने विचार बदलला, पण तोवर नाव पडलं होतं. वरच्या मजल्यावर सोनेरी हॉल आहे. त्याच्या भिंतींवर काच आणि सोन्याचे १ कोटी ८० लाखांहून जास्त तुकडे जडवले आहेत.

सिटी हॉल १९२३ मध्ये सुरू झाला. आत फक्त गाइडेड टूरने जाता येतं. १०६ मीटर उंचीचा टॉवर उन्हाळ्याच्या महिन्यांतच खुला असतो.

मराठी माणसासाठी एक धागा इथे आहे. २०१९ मध्ये अर्थशास्त्राचा पुरस्कार घ्यायला अभिजित बॅनर्जी धोतर आणि बंदगळा घालून मंचावर आले होते आणि त्यांच्या सोबत पुरस्कार मिळालेल्या एस्थर डुफ्लो साडी नेसून. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांची आई निर्मला या माहेरच्या पाटणकर. त्याआधी १९३० मध्ये सी. व्ही. रामन भौतिकशास्त्राचं नोबेल घ्यायला याच शहरात आले होते.

मेट्रो : एका तिकिटात आर्ट गॅलरी

स्टॉकहोमच्या मेट्रोला तुनेलबाना म्हणतात. १०० स्टेशनं आणि त्यातल्या ९० हून जास्त स्टेशनांत चित्रं, शिल्पं किंवा मोझेक. १९५० च्या दशकात शहराने ठरवलं की कला फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्यात का असावी, कामावर जाणाऱ्या माणसालाही ती रोज दिसली पाहिजे.

निळ्या लाइनवरची स्टेशनं खडक फोडून काढलेल्या गुहांसारखी आहेत. छत तासून गुळगुळीत केलेलं नाही, खडकावरच रंग दिला आहे.

बघण्यासारखी काही स्टेशनं :

– टी-सेंत्रालेन : निळ्या लाइनचा प्लॅटफॉर्म. पांढऱ्या-निळ्या वेली आणि स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्या सावल्या. कलाकाराने वेल्डर, सुतार, गवंडी यांना भिंतीवर जागा दिली.
– सोल्ना सेंत्रुम : लालभडक आकाश आणि हिरवं जंगल. रील्समध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं. १९७५ च्या या चित्रात जंगलतोड आणि ओस पडणारी गावं आहेत. सेल्फी काढण्याआधी दोन मिनिटं भिंत वाचत चाला.
– स्टाडियोन : निळ्या छतावर इंद्रधनुष्य.
– कुंगस्ट्रेगोर्डन : पाडलेल्या जुन्या वाड्याच्या आठवणी सांगणारं, उत्खननासारखं सजवलेलं स्टेशन.

एका साध्या तिकिटाला ७५ मिनिटांची मुदत असते. त्या वेळात कितीही वेळा उतरा-चढा. गेटवर कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप केलं की झालं. सकाळ-संध्याकाळची ऑफिसची वेळ टाळा, म्हणजे फोटोही नीट येतात आणि लोकांच्या वाटेतही येत नाही.

भारतातून गेलेला बुद्ध

या शहरातली एक गोष्ट बहुतेक भारतीय पर्यटकांच्या यादीत नसते. मॅलरेन सरोवरात हेल्गो नावाचं बेट आहे. १९५० च्या दशकात तिथे उत्खनन झालं आणि मातीतून बुद्धाची बोटभर उंचीची कांस्यमूर्ती निघाली. ती भारतीय उपखंडाच्या उत्तर भागात, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास घडवलेली आहे.

ही मूर्ती हातोहात, व्यापाराच्या वाटांनी, हजारो किलोमीटर दूर बर्फाळ प्रदेशातल्या एका बेटावर पोहोचली. वायकिंग म्हणजे फक्त लुटारू, असा समज असेल तर ही मूर्ती तो दुरुस्त करते. हे लोक व्यापारीही होते. स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात ती ठेवलेली आहे.

आणि तो 'स्टॉकहोम सिंड्रोम'?

२३ ऑगस्ट १९७३ रोजी नॉरमाल्मस्टोर्ग चौकातल्या बँकेत यान-एरिक ओल्सन हा दरोडेखोर बंदूक घेऊन शिरला. चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवलं. त्या काळात ओलिसांना दरोडेखोरापेक्षा पोलिसांचीच भीती जास्त वाटायला लागली. एका ओलीस महिलेने तर थेट पंतप्रधान उलोफ पाल्मे यांना फोनवर सुनावलं. शेवटी पोलिसांनी गॅस सोडून सगळ्यांना बाहेर काढलं. नंतर मानसोपचारतज्ज्ञ निल्स बेयेरोट यांनी या वागण्याला नाव दिलं आणि ते जगभर पसरलं.

मात्र हा मानसिक आजार म्हणून अधिकृत याद्यांमध्ये कधी आला नाही. जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाने वाचण्यासाठी केलेला तो व्यवहारी विचार होता, असंही अनेक अभ्यासक म्हणतात. त्या इमारतीत आता बँक नाही, हॉटेल आहे.

फीका म्हणजे नुसती कॉफी नाही

स्वीडिश लोक दिवसातून एकदा तरी काम थांबवून कॉफी आणि काहीतरी गोड घेऊन बसतात. याला फीका म्हणतात. आपल्याकडे टपरीवर 'चल, चहा मारू' म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही सवय. फरक इतकाच की फीका उभ्या-उभ्या आणि घाईत होत नाही. ऑफिसातही साहेबापासून नव्या पोरापर्यंत सगळे एकत्र बसतात.

सोबत काय घ्यायचं? कानेलबुल्ले, म्हणजे दालचिनी आणि वेलची घातलेला गोड पाव. ४ ऑक्टोबर हा तर कानेलबुल्ले दिवसच असतो. वेलचीचा वास आला की आपल्या माणसाला ओळखीचं वाटतं.

जेवणाबाबत एक सूचना. स्वीडिश मीटबॉल बहुतेक वेळा गाय आणि डुकराचं मांस एकत्र करून बनवतात. जे हे खात नाहीत त्यांनी आधी विचारून घ्यावं. शाकाहारी लोकांची अडचण फार होत नाही. फलाफेल सगळीकडे मिळतं आणि बहुतेक हॉटेलांच्या मेनूत निदान एक शाकाहारी पदार्थ असतो.

कधी जावं?

यावर ट्रिपचं सगळं गणित अवलंबून आहे.

जूनमध्ये दिवस जवळपास साडेअठरा तासांचा असतो. रात्री दहालाही उजेड. डिसेंबरमध्ये दिवस सहा तासांचा आणि दुपारी तीनच्या आधी सूर्य मावळतो. म्हणजे जून-ऑगस्टमध्ये एका दिवसात जेवढं बघून होतं, तेवढ्याला डिसेंबरमध्ये दोन दिवस लागतात. उन्हाळ्यात हॉटेलं महाग, हे मात्र गृहीत धरा.

– एप्रिल अखेर : कुंगस्ट्रेगोर्डन बागेत चेरीचा गुलाबी बहर. ३० एप्रिलला होळीसारख्या शेकोट्या पेटवून वसंताचं स्वागत होतं.
– मिडसमर : १९ ते २५ जूनच्या दरम्यानचा शुक्रवार. फुलापानांनी सजवलेल्या खांबाभोवती नाच. शहरातले लोक गावी निघून जातात आणि बरीच दुकानं बंद असतात. सोहळा बघायचा तर स्कान्सेनला जा.
– १३ डिसेंबर, लुसिया : डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी आणि मागे पांढऱ्या झग्यात गाणारी मुलं. अंधाराच्या महिन्यात प्रकाशाचा हा सण चर्चमध्ये बघण्यासारखा असतो.

खर्च कुठे वाचतो?

स्वीडन युरोपियन युनियनमध्ये असलं तरी तिथे युरो चालत नाही, क्रोना चालतो.

१. विमानतळ ते शहर : अर्लांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. एक्सप्रेस ट्रेन १८ मिनिटांत पोहोचवते, पण महाग आहे. लोकल ट्रेन थेट विमानतळावरून पकडली तर स्टेशनचं वेगळं शुल्क लागतं. सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे बसने मॅश्टा स्टेशन आणि तिथून लोकल, साध्या शहरी तिकिटावर. वेळ मात्र जास्त लागतो.

२. बोट राइड : हजारोंची टूर घेण्याआधी जुन्या शहराजवळून यूरगोर्डनला जाणारी फेरी पकडा. मेट्रोचं तिकीट त्यात चालतं.

३. पाणी : नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटली सोबत ठेवा.

४. दुपारचं जेवण : सोमवार ते शुक्रवार हॉटेलांत 'दागेन्स लंच' असतं. ठरलेल्या किमतीत मुख्य पदार्थ आणि बऱ्याचदा सोबत सॅलड, ब्रेड, कॉफी. पोटभर जेवण दुपारी घ्या, रात्री हलकं.

५. फुकटची ठिकाणं : शहराच्या इतिहासाचं सिटी म्युझियम आणि मध्ययुगीन म्युझियम यांना तिकीट नाही. सोदरमाल्म भागातल्या मोंटेलियसवॅगन या पायवाटेवरून सिटी हॉल आणि पाण्याचा नजारा दिसतो, संध्याकाळी जा. स्कूग्सशिरकोगोर्डन ही पाइनच्या जंगलातली दफनभूमी १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ती आजही वापरात आहे, त्यामुळे तिथे आवाज आणि फोटो बेताने.

६. रोख रक्कम नको : शहर जवळपास कॅशलेस आहे. अनेक दुकानं नोटा घेतच नाहीत. स्थानिक लोक वापरतात ते 'स्विश' ॲप स्वीडिश बँक खात्याशिवाय चालत नाही, त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेली दोन कार्डं ठेवा. एक अडकलं तर दुसरं.

७. दारू : साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेली दारू विकत घ्यायची तर ती मुख्यतः सरकारी दुकानांत मिळते. ती शनिवारी दुपारी लवकर बंद होतात, रविवारी उघडत नाहीत.

जंगल सगळ्यांचं, पण नियमासह

स्वीडनमध्ये निसर्गात फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे आणि त्याचा उल्लेख राज्यघटनेत आहे. खासगी जमीन असली तरी तिथून चालत जाता येतं, रानातली बेरी आणि मशरूम वेचता येतात. हा हक्क पर्यटकालाही आहे. अट एकच, त्रास देऊ नका आणि नासधूस करू नका. कुणाच्या घराच्या अंगणात किंवा उभ्या पिकात शिरणं यात बसत नाही. ओळख नसलेलं मशरूम मात्र तोडू नका, काही विषारी असतात.

या हक्काचा सगळ्यात छान अनुभव शहराबाहेरच्या बेटांवर येतो. वाक्सहोल्म हे जवळचं बेट, बोटीने साधारण तासाभराचा रस्ता. शहरात राहूनच वाडा बघायचा तर ड्रॉटनिंगहोल्म. १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या या ठिकाणी १७६६ चं नाट्यगृह आहे आणि रंगमंचाची जुनी लाकडी यंत्रं अजून चालतात.

व्हिसा आणि तीन दिवसांचा प्लॅन

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा लागतो. उन्हाळ्यात अर्जांची गर्दी असते, त्यामुळे तारीख लवकर घ्या. अनेक देश फिरणार असाल तर जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो.

– पहिला दिवस : सकाळी गामला स्तान आणि पहारा बदलणं, दुपारी सिटी हॉलची टूर, संध्याकाळी मोंटेलियसवॅगन.
– दुसरा दिवस : फेरीने यूरगोर्डन. सकाळी उघडताच वासा, नंतर स्कान्सेन.
– तिसरा दिवस : हवा चांगली असेल तर बोटीने वाक्सहोल्म किंवा ड्रॉटनिंगहोल्म. पाऊस असेल तर मेट्रो स्टेशनं, इतिहास संग्रहालयातला बुद्ध आणि निवांत फीका.

जाता जाता काही साध्या गोष्टी. एस्कलेटरवर उजवीकडे उभं राहा, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी असते. बेकरीत किंवा औषधाच्या दुकानात आधी नंबरची चिठ्ठी घ्या. मेट्रोत स्पीकरवर रील्स लावू नका. आणि कुणी घरी बोलावलं तर बूट दाराशीच काढा. ही सवय तर आपल्याला लहानपणापासून आहेच.